उमेदवार मत मागायला येतात, अणुकचऱ्याचं विचारलं की विषय बदलतात. तुमच्याकडे काय अनुभव?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज पाऊस धरून बसलाय आणि लाईट आहे तेवढ्यात लिहून घेतो. मी राजापूर तालुक्यातला, माडबन आमच्या घरापासून गाडीवरनं वीसेक मिनिटं. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प म्हणून जो तुम्ही पेपरात वाचता तो इथला. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, ९३८ हेक्टर जमीन, माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरिलवाडा ही गावं. डिसेंबर २०१० मध्ये मनमोहन सिंग आणि फ्रान्सचे सार्कोझी यांच्यासमोर करार झाला, त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली. सड्यावर कंपाउंडची भिंत उभी आहे, आत अजून गवतच आहे.

निवडणूक कुठलीही असो, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, उमेदवार किंवा त्यांची माणसं पडवीत येऊन बसतात, आई कोकम सरबत देते, आणि मग जैतापूरचं एकच वाक्य येतं, आमचा विरोध आहे नाहीतर आमचा पाठिंबा आहे. तेवढ्यावर ऊर्जा धोरण संपतं.

मागच्या खेपेला एक उमेदवार आले होते, नाव आणि पक्ष मुद्दाम टाकत नाही कारण दुसरे आले असते तरी वेगळं काही घडलं असतं असं मला वाटत नाही. मी विचारलं, साहेब, समजा भट्टी झाली चालू, तिच्यातनं वापरून झालेलं इंधन निघेल ते इथे किती वर्षं ठेवणार आणि मग कुठे नेणार? त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि बरोबरच्या माणसाकडे बघितलं. तो म्हणाला, ते शास्त्रज्ञ बघतील. मी म्हटलं शास्त्रज्ञ आमच्याकडे मत मागायला येत नाहीत, तुम्ही आलायत म्हणून तुम्हाला विचारतोय. मग रस्त्याचा विषय निघाला आणि मंडळी उठली.

माझा प्रश्न काही अवघड नव्हता. १००० मेगावॅटची अशा प्रकारची भट्टी वर्षाला २० ते ३० टन वापरलेलं इंधन बाहेर टाकते. इथे नऊ हजार नऊशे. भट्ट्या ६० वर्षं चालणार असं सांगतात, आता तुम्हीच हिशोब करा. ते इंधन बाहेर काढल्यावर आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत बुडवून थंड करावं लागतं, इतकं ते तापलेलं असतं. त्यातल्या प्लुटोनियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, २४ हजार वर्षं. हे काय गुपित नाही, कुठल्याही पुस्तकात सापडेल, पण निवडून यायला निघालेल्या माणसाला एवढं तरी माहीत असावं की नाही?

तर तुमच्या भागात उमेदवारांना हे कुणी विचारलंय का, आणि काय उत्तर मिळालं, ते लिहा. नुसतं ते सगळे सारखेच असं लिहू नका, त्याने काही हाती लागत नाही.

पोफरणची लेक

दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. मी आता बोईसरला असते, माहेर पोफरण. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी आमचं पोफरण आणि शेजारचं अक्करपट्टी ही दोन गावं उठली. माझी आजी जाईपर्यंत एकच म्हणायची, नव्या घरात झोप येत नाही, समुद्राचा आवाज नाही. बोंबील वाळत घालायच्या दांड्या तिने सोबत आणल्या होत्या, त्या अंगणात कितीतरी वर्षं तशाच उभ्या होत्या, वाळत घालायला काही नव्हतं तरी.

आता कचऱ्याचं. तारापूरची पहिली दोन युनिट १९६९ पासूनची, अमेरिकन कंपनीने बांधलेली, इंधनही तिकडूनच यायचं. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला, पुढे अमेरिकेने इंधन द्यायचं बंद केलं. पण जे वापरून झालेलं होतं ते ना त्यांनी परत नेलं ना आपल्याला त्यावर प्रक्रिया करायची मोकळीक दिली. म्हणून ते साठत गेलं आणि ते ठेवायला वेगळी जागा बांधावी लागली. म्हणजे दोन देशांत भांडण झालं आणि माल राहिला आमच्या तालुक्यात. ठाणे जिल्हा होता तेव्हा, २०१४ ला पालघर वेगळा झाला, खासदार बदलले, आमदार बदलले, जिल्हा पण बदलला, पण एकाही प्रचारसभेत ह्यावर कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. विजेचं बोलतात, नोकऱ्यांचं बोलतात, प्रकल्पग्रस्त दाखल्याचं बोलतात. आत काय ठेवलंय त्याचं नाही.

मी विरोधक नाही हो. गावातली किती घरं त्या नोकऱ्यांवर उभी राहिली तेही बघितलंय. पण शेजारी काय ठेवलंय ते शेजाऱ्याला सांगायला नको?

वर्धाकाठचा

सड्यावरचे दादा, धागा चांगला काढला, पण मी दुसऱ्या बाजूनं बोलणार आहे, राग मानू नका.

मी चंद्रपूरकडचा. आमच्या इकडे कोळसा जळतो तेव्हा मुंबई-पुण्यातला एसी चालतो. चंद्रपूरचं वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं. आमच्या घराच्या गच्चीवर सकाळी बोट फिरवलं की बोट काळं होतं, ही काही कविता नाही, रोजचं आहे. राखेचे तलाव काय असतात ते कोकणातल्या लोकांनी एकदा येऊन बघावं. जुलै २०२२ ला कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख शेतात गेली, नाल्यात गेली. हा पण कचराच आहे ना? ह्याच्याबद्दल कोणता उमेदवार बोलतो?

अणुकचरा भयंकर आहे मान्य, पण तो आकाराने लहान आहे आणि मोजलेला आहे. कोळशाची राख लाखो टन आहे आणि ती उघड्यावर आहे. अनिल काकोडकरांसारखा अणुशास्त्रज्ञ माणूस इतकी वर्षं सांगतोय की भारताला अणुवीज लागणारच, ते काय उगाच सांगतात? आणि आपल्याकडे वापरलेलं इंधन म्हणजे कचरा समजतच नाहीत. त्यातून प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम काढून परत वापरायचं हे होमी भाभांच्या काळापासूनचं धोरण आहे, ट्रॉम्बेला १९६४ पासून रिप्रोसेसिंग सुरू आहे. मागे जे उरतं ते काचेत वितळवून, स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवतात. म्हणजे उत्तर आहे. उमेदवाराला ते माहीत नाही हा उमेदवाराचा दोष, तंत्रज्ञानाचा नाही.

सड्यावरचा

वर्धाकाठचे भाऊ, राग कसला, तुमच्या राखेचं वाचून वाईट वाटलं आणि पटलं पण. चंद्रपूरने काळा धूर खायचा आणि आम्ही नुसतं आंबा-काजू म्हणत बसायचं हे बरोबर नाही, हे मी गावातही बोलतो आणि शिव्या खातो.

पण काचेचे डबे हे शेवटचं उत्तर नाही हो. ते डबे तारापूरला खास हवेशीर तळघरात ठेवलेत, देखरेखीखाली, कारण त्यातून अजून उष्णता निघते. त्यानंतर खोल जमिनीखाली कायमचे पुरायचे असं धोरण सांगतं, आणि ती कायमची जागा आजपर्यंत देशात ठरलेली नाही. जागेचं नाव जरी निघालं तरी काय होतं ते २०१२ ला दिसलं. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या खटल्यात सुप्रीम कोर्टात सरकारी बाजूने सांगितलं गेलं की तिथलं वापरलेलं इंधन कर्नाटकातल्या कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत ठेवता येईल, आणि दुसऱ्या दिवसापासून कोलार पेटलं. बंद, मोर्चे, सगळ्या पक्षांचे लोक रस्त्यावर. मग सरकारने माघार घेतली की तसं काही नाही म्हणून. कोलारच्या लोकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं, कोर्टातल्या बातमीवरून कळलं त्यांना. माझं दुखणं हेच आहे.

नेवाडाची अनू

मी अमेरिकेत, लास वेगासच्या शेजारी हेंडरसनला राहते, मूळची चिपळूणची. चौदा वर्षं झाली इथे. सड्यावरच्या दादांचा प्रश्न वाचला आणि वाटलं की हा तर आमच्या इथला निवडणुकीचा प्रश्न आहे, फक्त इथे उमेदवारांना त्यावर उत्तर द्यावंच लागतं, टाळून चालत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेगासपासून दीडशेक किलोमीटरवर युक्का माउंटन म्हणून एक लांबट डोंगर आहे. बघायला काही नाही, उघडाबोडका, तपकिरी. १९८७ साली अमेरिकन संसदेने ठरवलं की सगळ्या देशाचा अणुकचरा पुरण्यासाठी फक्त ह्याच एका डोंगराचा अभ्यास करायचा, बाकीच्या जागा यादीतून काढल्या. नेवाडाच्या लोकांनी त्या कायद्याला जे नाव ठेवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारण उघड होतं, नेवाडात एकही अणुवीजकेंद्र नाही, त्या काळी खासदारही मोजून चार. आणि ज्यांची ती मूळ जमीन त्या वेस्टर्न शोशोनी लोकांना कोण विचारतंय.

आता उमेदवारांचं बघा. २००० च्या निवडणुकीत जॉर्ज बुश म्हणाले की शास्त्रीय आधार पक्का असल्याशिवाय मी युक्काला हो म्हणणार नाही. नेवाडा त्यांनी जिंकलं, जेमतेम २१ हजारांच्या फरकाने. इथे अध्यक्ष ठरतो तो प्रत्येक राज्याला ठरवून दिलेल्या प्रतिनिधी-मतांवर, त्या वेळी नेवाडाची अशी मतं चार, आणि बुश एकूण २७१ मतांवर अध्यक्ष झाले, २७० लागतात. म्हणजे नेवाडाने नाही म्हटलं असतं तर ते अध्यक्षच झाले नसते. २००२ ला त्याच बुशनी युक्काला मंजुरी दिली. नेवाडाचे राज्यपाल केनी गिन हे त्यांच्याच पक्षाचे, त्यांनी कायद्याने मिळालेला नकाराधिकार वापरला, संसदेने तो मोडून काढला. इथल्या म्हाताऱ्या लोकांशी बोलले तर ते अजून हे कालचं असल्यासारखं सांगतात.

२००८ ला ओबामांनी सरळ विरोध केला, मॅकेन बाजूने होते. ओबामा नेवाडा जिंकले आणि २०१० ला सरकारने परवान्याचा अर्ज मागे घ्यायला घेतला. सिनेटमध्ये तेव्हा बहुमताचे नेते हॅरी रीड, नेवाडाचेच, त्यांनी पुढे पैसा मिळूच दिला नाही. मग ट्रम्प आले, त्यांच्या सरकारने पहिली तीन वर्षं युक्कासाठी बजेटमध्ये पैसे मागितले, आणि फेब्रुवारी २०२०, म्हणजे निवडणुकीचं वर्ष, एकदम जाहीर केलं की नेवाडाचं म्हणणं मला मान्य आहे. बायडेन पण विरोधातच. आता दोन्ही पक्षांचे उमेदवार इथे येऊन युक्का नको म्हणतात आणि टाळ्या घेतात.

हे सगळं वाचून वाटेल की वा, लोकांनी जिंकलं. मला पण आधी तसंच वाटायचं. पण मग कचरा कुठे आहे? नव्वद हजार टनांच्या आसपास वापरलेलं इंधन, जिथे तयार झालं तिथेच, सत्तरहून जास्त ठिकाणी, पाण्याच्या टाक्यांत आणि काँक्रीटच्या पिंपांत उभं आहे. कायद्याने सरकारने ते १९९८ पासून उचलायला पाहिजे होतं. उचललं नाही म्हणून वीज कंपन्या कोर्टात गेल्या आणि सरकार आजवर दहा अब्ज डॉलरच्या वर भरपाई देऊन बसलंय. माझी मैत्रीण इलिनॉयला असते, तिच्या तिकडे बंद पडलेली केंद्रं आहेत, वीज कधीच थांबली, पिंपं तिथेच. तिला युक्का हवंय, मला नको, आणि आम्ही दोघी फोनवर ह्यावर खरोखर भांडलोय.

तेव्हा दादा, उमेदवार नको म्हणाला एवढ्यावर थांबू नका. त्याला पुढचा प्रश्न विचारा, मग कुठे? हा प्रश्न विचारला नाही म्हणून आम्ही चाळीस वर्षं तिथल्या तिथे आहोत.

वर्धाकाठचा

अनूताई, हे फार चांगलं लिहिलं तुम्ही. चार मतांवर अध्यक्ष झाल्याचं मला माहीत नव्हतं. फिनलंडचं पण कोणीतरी लिहा ना, तिथं जमलं म्हणतात.

नेवाडाची अनू

हो, ओंकालो, अणुकचरा कायमचा पुरायची तिथली जागा. तिथे गावाला नाही म्हणायचा हक्क कायद्यात होता आणि तो खरा होता, संसद मोडू शकत नव्हती. युराजोकी गावाच्या कौन्सिलने जानेवारी २००० मध्ये मतदान घेऊन हो म्हटलं, मग २००१ ला संसदेने १५९ विरुद्ध ३ ने मान्यता दिली. सव्वाचारशे मीटर खोल खडकात, तांब्याच्या डब्यांत. पण एक आहे, त्या गावात आधीपासून अणुभट्ट्या होत्या, लोकांना त्यांची सवय होती.

जुनी कात्रणं

मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त, कात्रणं जमवायची सवय आहे. सड्यावरच्यांनी इथल्या पक्षांबद्दल लिहायचं टाळलं, मी लिहितो, कारण हे सगळं सार्वजनिक आहे आणि विसरण्यासारखं नाही.

आधी दिल्ली. जुलै २००८, अमेरिकेबरोबरचा अणुकरार. डाव्यांनी पाठिंबा काढला, मनमोहन सिंग सरकारने २७५ विरुद्ध २५६ असा विश्वासदर्शक ठराव जिंकला. भाजपने तेव्हा विरोधात मत दिलं. २०१० ला अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. काँग्रेसला तो परदेशी कंपन्यांना चालेल असा हवा होता, भाजप आणि डावे अडून बसले, भोपाळचा निकाल त्याच वर्षी जूनमध्ये लागला होता, लोक चिडलेले होते, आणि म्हणून कलम १७ मध्ये सदोष सामान पुरवणाऱ्या कंपनीकडून वसुली करता येईल अशी तरतूद आली. हे भाजपचं चांगलं काम होतं, मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. मग २०१४ ला तेच सत्तेत आले, फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज आणि छोट्या भट्ट्यांसाठी २० हजार कोटी जाहीर झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये शांती नावाचा नवा कायदा झाला ज्याने १९६२ चा अणुऊर्जेचा आणि २०१० चा भरपाईचा असे दोन्ही कायदे रद्द केले, पुरवठादाराकडून वसुलीची ती तरतूद गेली, खासगी भारतीय कंपन्यांना दार उघडलं. लोकसभेत विरोधकांनी सभात्याग केला. म्हणजे २०१० ला जो पक्ष कडक कायदा मागत होता त्याने तो सैल केला आणि जो सैल मागत होता तो ओरडला. खुर्ची बदलली की मत बदलतं हे मी मुलांना शिकवत आलो, पण इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

आणि ह्या धाग्याच्या कामाची गोष्ट, त्याच नव्या कायद्यात वापरलेल्या इंधनाची पुढची प्रक्रिया आणि तीव्र किरणोत्सारी कचरा हे केंद्र सरकारकडेच ठेवलंय. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण वीज विकून नफा कंपनीचा आणि चोवीस हजार वर्षांची राखण सरकारची, म्हणजे आपली, तर त्याचा खर्च वीजदरातून किती आणि कसा वळता होणार हे खासदाराला विचारायलाच पाहिजे.

आता कोकण. शिवसेनेने जैतापूरला पहिल्यापासून विरोध केला, राजापुरातून राजन साळवी २००९, २०१४, २०१९ असे तीनदा निवडून आले. नारायण राणे तेव्हा काँग्रेसमध्ये, प्रकल्पाचे सगळ्यात मोठे समर्थक, २०१४ ला लोकसभेत निलेश राणे विनायक राऊतांकडून हरले आणि विधानसभेला कुडाळात स्वतः नारायण राणे हरले. पण त्याच काळात शिवसेना केंद्रात आणि राज्यात भाजपबरोबर सत्तेतही होती, आणि मार्च २०१८ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन दिल्लीत आले तेव्हा जैतापूरचा पुढचा करार त्याच केंद्र सरकारने केला. राणेंनी स्वतःचा पक्ष काढल्यावर नाणारच्या रिफायनरीला विरोध केला, भाजपमध्ये गेल्यावर रिफायनरीच्या बाजूने आले. उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्री असताना जानेवारी २०२२ मध्ये रिफायनरीसाठी बारसूची जागा पत्राने सुचवली आणि २०२३ ला बारसूच्या आंदोलकांना भेटायला गेले. २०२४ ला राणे भाजपकडून खासदार झाले, विनायक राऊत हरले, राजापुरात किरण सामंत आले, आणि पुढे साळवी पण शिंदेंच्या शिवसेनेत गेले. मी ह्यात कुणाला शिवी देत नाही, माणसाला मत बदलायचा हक्क आहे. फक्त मत बदललं तर का बदललं हे त्याने मतदाराच्या पडवीत येऊन सांगावं.

खाडीपलीकडची

मी साखरी नाटेची. आमचा नवरा मच्छीमार, सासरे मच्छीमार. सगळे जमिनीचं बोलतात. जमिनीला भाव मिळाला, आधी काहीच नव्हता मग २०१३ ला हेक्टरी साडेबावीस लाख झाला. आमची जमीन गेलीच नाही म्हणून आम्ही कागदावर प्रकल्पग्रस्त नाही. आमचं शेत समुद्र, त्याचा सातबारा नसतो.

२०११ च्या मार्चमध्ये टीव्हीवर फुकुशिमा बघितलं, तिकडे पण मच्छीमारच होते. एप्रिलच्या १८ तारखेला इथे प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि आमच्या गावातला पोरगा गेला. मतं मागायला येतात तेव्हा त्याचं नाव घेतात सगळे. नाव घेऊन काय, मी एकदा एकाला विचारलं की त्या भट्टीचं गरम पाणी समुद्रात सोडणार तर बांगडा कुठे जाईल, तर ते म्हणाले नुकसानभरपाई मिळेल. मासा गेल्यावर भरपाई घेऊन मी सकाळी कुठे जाऊ? टोपली घेऊन राजापूरला बसायची सवय आहे मला.

कचऱ्याचं मला जास्त कळत नाही, अनूताईंनी लिहिलं ते मुलीने वाचून दाखवलं. एक विचारू का, तो डोंगर कोरडा आहे ना? आमच्याकडे कातळात पाणी किती झिरपतं ते पावसात येऊन बघा.

नेवाडाची अनू

ताई, अगदी बरोबर विचारलंत. युक्काच्या वादातला मोठा मुद्दा तोच, पाणी खडकातून किती वेगाने खाली जातं. वाळवंट असून तिथे त्यावर वर्षानुवर्षं अभ्यास चालला.

सड्यावरचा

नाटेच्या ताई, तुम्ही कळत नाही म्हणता आणि नेमकं तेच विचारता. जांभा दगड म्हणजे स्पंज आहे, जूनला सड्यावर पडलेलं पाणी पायथ्याच्या विहिरीत येतं हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. कायमचा कचरा इथे पुरणार असं कुणी म्हटलेलं नाही, हे पण स्पष्ट लिहितो, उगाच अफवा नको. पण टाकीत काही वर्षं तर इथेच राहणार आहे, आणि पुढची जागा ठरलेली नसताना काही वर्षं म्हणजे किती ह्याला हद्द कुठे आहे? तारापूरला ठेवलेल्या अमेरिकन इंधनाचं पण पन्नास वर्षं होतील असं कुणी ठरवलं नव्हतं.

वर्धाकाठच्या भाऊंसाठी एक. मी गेल्या रविवारी पोराला घेऊन बारसूच्या सड्यावर गेलो होतो, कातळशिल्पं दाखवायला. ती आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे एक माणूस कोरलाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन जनावरं, लोक वाघ म्हणतात. पोराने विचारलं, बाबा हे काय सांगतायत? मी म्हटलं माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, काही हजार वर्षांत त्या माणसांची भाषा गेली, देव गेले, फक्त रेघा राहिल्या. पोरगा त्या रेघेत बोट घालून फिरवत होता आणि मला एकदम वाटलं की इथे धोका आहे, खणू नका, असं जर कुणी कोरून ठेवलं असेल तर? आपण ते वाचू शकत नाही. मग आपला बोर्ड चोवीस हजार वर्षांनी कोण वाचणार, मराठी असेल का इंग्रजी असेल का. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातनं जात नाहीये.

वर्धाकाठचा

दादा, हे वाचून थोडा वेळ गप्पच बसलो. माझं मत बदललं नाही, मला अजून वाटतं की कोळसा आज, आत्ता माणसं मारतोय आणि अणूला आपण भविष्यातल्या भीतीने अडवतोय, आणि सूर्य रात्री नसतो. पण जागा ठरवून मग भट्टी, हा क्रम मागायला माझी हरकत नाही. समर्थकांनीच तो मागायला पाहिजे खरं तर.

दुसरी गोष्ट पैशाची. जैतापूरला जी भट्टी लावायची तीच फ्रान्समध्ये फ्लामाव्हिलला २००७ ला सुरू केली, २०१२ ला होणार होती, वीज जोडली डिसेंबर २०२४ ला, आणि खर्च ३.३ अब्ज युरोवरून तेरा अब्जांच्या वर. समर्थक म्हणून मला हे जास्त टोचतं. आमच्या खासदाराला मी हे विचारणार, महाराष्ट्राला ही वीज युनिटला किती रुपयाला पडणार.

पोफरणची लेक

मग आपण एक करूया का, सगळ्यांनी मिळून एकच पत्र लिहूया, पुढच्या निवडणुकीत आपापल्या उमेदवाराच्या हातात द्यायचं, पक्ष कुठलाही असो. विरोध का पाठिंबा हे विचारायचंच नाही. इंधन टाकीत किती वर्षं, नंतर कुठे, खर्च कोणाचा, आणि शेजारच्या गावाला कोण सांगणार. सही करून परत मागायचं.

आणि माझी एक भर घाला त्यात, रस्ता. रावतभाट्याच्या अणुवीजकेंद्राचं वापरलेलं इंधन रिप्रोसेसिंगला तारापूरला आलेलं आहे राजस्थानातून, म्हणजे ते प्रवास करतं. जैतापूरला प्रक्रियेची सोय नसेल तर तिथलं पण कुठेतरी न्यावंच लागेल. ज्या पेटीत ते नेतात तिचं वजनच शंभर टनांच्या घरात असतं.

जुनी कात्रणं

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. राजापूरहून निघालं की परशुराम घाट, कशेडी, मग वडखळ, मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण किती वर्षं चाललंय ते आपण जाणतोच. वाटेवरच्या प्रत्येक गावाच्या उमेदवाराला हे पत्र द्यायला लागेल मग.

खाडीपलीकडची

समुद्रातून नेतील म्हणाले तर? मुसाकाजीला बंदर आहे. ते पण लिहा पत्रात. आणि पत्र सोप्या मराठीत लिहा, मला वाचता आलं पाहिजे.

सड्यावरचा

लिहितो ताई. उद्या संध्याकाळी पहिला मसुदा इथेच टाकतो, आधी तुम्ही वाचा, तुम्हाला जिथे अडेल ते वाक्य काढून टाकू. पोफरणच्या ताई, तारापूरच्या टाकीबद्दलचा परिच्छेद तुम्ही लिहून पाठवाल का? आणि अनूताई, तुमच्या तिकडे उमेदवाराकडून लेखी उत्तर घ्यायची काही पद्धत असेल तर त्याचा नमुना टाका, आपल्याकडे ते तोंडी बोलून निघून जातात.